पिंग, पाणंद आणि नियमनमुक्ती

रात्री साडेनऊच्या सुमाराला आमच्या घरात रोज एक आरोळी उठते. "बाबा, पिंग दोनशे झालाय! कोण काय लावून बसलंय?" मुलगा अकरावीत आहे. जेवणं आटोपली की तासभर बीजीएमआय हा मोबाइलवरचा नेमबाजीचा खेळ खेळतो. त्याच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात एक आकडा असतो, तोच पिंग. तो हिरवा असला की सगळं आलबेल, आणि लाल झाला की हा बसल्या जागी तडफडतो. आमचा प्लॅन शंभर एमबीपीएसचा आहे. एवढे पैसे भरून लॅग का होतो, म्हणजे खेळ मागे का पडतो, हा त्याचा प्रश्न अगदी रास्त आहे. नाशिकला पाथर्डी फाट्यावरच्या आमच्या सोसायटीत तो बऱ्याच घरांतून विचारला जातो.

उत्तर शोधायला लागलं की वायरपासून सुरुवात होते आणि माणूस बाजाराच्या धोरणापाशी जाऊन पोचतो. नाशिकच्या माणसाला ते धोरण अवघड जाऊ नये. 'नियमनमुक्ती', म्हणजे बाजारावरची सरकारी बंधनं काढणं, हा शब्द आपण कांद्याच्या निमित्ताने आधीच ऐकलेला आहे.

आधी पिंग. २००२ पासून काही वर्षं मी कॉलेज रोडला छोटा सायबर कॅफे चालवायचो. दहा कॉम्प्युटर, ते जोडणारा एक स्विच आणि बाहेरच्या जगात जायला एक बारीकशी लाइन. तासाला तीस रुपये. दुपारी क्लास बुडवून पोरं काउंटर स्ट्राइक खेळायला यायची. एका खुर्चीत कुणी निकाल बघायला बसलेला असायचा, त्याचं पान उमटायला मिनिट-मिनिट लागायचं. शेजारच्या आठ खुर्च्यांवर पोरं मात्र लोण्यासारखी खेळत असायची. लोकांना वाटायचं, मी खेळणाऱ्यांना जास्तीचं नेट देतो. खरं तर त्यांचा खेळ बाहेर जातच नव्हता. तो त्या खोलीतल्या स्विचवरून एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर फिरत होता. अंतर दहा फुटांचं, म्हणून निरोप जाऊन यायला एक-दोन मिलिसेकंद पुरायचे.

निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ म्हणजे पिंग. एका सेकंदात किती माल येतो तो वेग, म्हणजे एमबीपीएस. दोन्ही गोष्टी वेगळ्या. खेळाला माल फार लागत नाही. मोबाइलवरचा असा खेळ तासाला साधारण शे-दीडशे एमबीच्या आतच भागतो. त्याला हवी असते ती चपळाई. तुम्ही बटण दाबलं, तो निरोप सर्व्हरपर्यंत, म्हणजे खेळ चालवणाऱ्या दूरच्या कॉम्प्युटरपर्यंत गेला, तिथे हिशोब झाला आणि उत्तर परत आलं, ही फेरी सेकंदाला कित्येक वेळा घडते. काही नेमबाजीच्या खेळांत सर्व्हर एका सेकंदात ६४ वेळा जगाचं चित्र नव्याने मांडतो, काहींत १२८ वेळा. तुमचा निरोप दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचला तर तोवर समोरचा भिंतीआड गेलेला असतो. शंभरचा प्लॅन तीनशेचा केला म्हणून ही फेरी लवकर होत नाही. दुकानदार हे सांगत नाहीत, त्यामुळे बरेच पालक मुलाच्या हट्टापायी प्लॅन वाढवतात आणि लॅग आहे तिथेच राहतो.

अंतराचा भाग निसर्गाचा आहे, त्यावर कुणाचं चालत नाही. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. नाशिकहून मुंबईपर्यंतची तार दोनशे किलोमीटरची धरली तर जाऊन-येऊन चारशे, म्हणजे फक्त दोन मिलिसेकंद. सिंगापूर मुंबईपासून सरळ रेषेत चार हजार किलोमीटरच्या घरात आहे, म्हणजे जाऊन-येऊन निदान चाळीस मिलिसेकंद, आणि समुद्रातली केबल काही सरळ रेषेत जात नाही. म्हणून खेळाचा सर्व्हर मुंबईत आला की पोरं आनंदाने नाचतात. व्हॅलोरंट या खेळाचे सर्व्हर २०२० मध्ये मुंबईत आले तेव्हा ते झालंच होतं. नाशिक मुंबईच्या इतकं जवळ आहे की इथे पिंग दहा-वीसच्या आसपास असायला काहीच हरकत नाही. मग दोनशे कुठून येतात?

रांगेतून येतात. लासलगावला कांद्याचा हंगाम जोरात असताना बाजार समितीच्या बाहेर ट्रॅक्टरची रांग कशी लागते ते ज्याने पाहिलंय त्याला हे लगेच कळेल. त्या रांगेत एक मोटरसायकलवाला अडकलाय. त्याच्या खिशात फक्त एक चिठ्ठी आहे, पण पुढे चाळीस ट्रॅक्टर उभे आहेत आणि गेट एकच. खेळाचा निरोप म्हणजे तो मोटरसायकलवाला. ट्रॅक्टर म्हणजे बायकोच्या फोनमधले लग्नाचे तीनशे फोटो, जे नेमके त्याच वेळी आपसूक वर चढत असतात, किंवा हॉलमधला फोर-के सिनेमा. राऊटर आलेला माल टाकून द्यायला तयार नसतो, सगळं रांगेत उभं करतो, आणि ती रांग जितकी लांब तितका पिंग वाढतो. अपलोडची वाट डाउनलोडपेक्षा अरुंद असली की फोटोंचा बॅकअप सिनेमापेक्षाही जास्त नडतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. काही राऊटरमध्ये छोट्या निरोपांना बाजूने वाट काढून द्यायची सोय असते. ती नसेल तर बॅकअप रात्री बारानंतर लावून टाका. आम्ही एवढंच केलं आणि दोनशेचे साठ झाले.

उरलेल्या साठमध्ये वायफायचा वाटा होता. भिंतीआडचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा सोसायटीतल्या सगळ्या राऊटरनी गजबजलेला असतो. ५ गिगाहर्ट्झवर आलो, पिंग पस्तीस.

आणि एक गोष्ट मी डोळ्यांनी बघितली ती सांगितलीच पाहिजे. गेल्या पावसाळ्यात आठवडाभर खेळ मध्येच गोठायचा. आकडा हिरवाच, पण खेळातला माणूस जागच्या जागी उड्या मारतोय. केबलवाल्याचा पोरगा आला, विशी-बाविशीचा, पाठीवर सॅक. त्याने फायबरची बारीक पिवळी वायर डब्यातून काढली आणि हातातल्या, प्रकाश मोजायच्या मीटरला लावली. उणे २७. "काका, हे विशी-बाविशीत पाहिजे." त्याने भिंतीलगतचं कपाट ओढलं. मागे वायर काटकोनात दुमडली होती. केसाएवढी काच, तिला काटकोन सोसत नाही, वळणावर प्रकाश बाहेर सांडतो. त्याने ती ग्लासाच्या तोंडाएवढ्या गोलाईत मोकळी सोडली, चिकटपट्टी लावली, परत मीटर लावला. उणे २१. हे आकडे दिसतात जवळजवळ, पण या मोजमापात सहाचा फरक म्हणजे चौपट. म्हणजे आठवडाभर आमच्या डब्यापर्यंत चौथा हिस्साच प्रकाश पोचत होता, मधले निरोप गळत होते आणि खेळ गोठत होता. त्या पोराने दहा मिनिटांत जे केलं ते कॉल सेंटरने आठ दिवसांत केलं नव्हतं.

घराच्या आतलं इतकं दुरुस्त केल्यावरही शनिवार-रविवारी रात्री पिंग चढायचाच. तेव्हा मी आमच्या सेवा देणाऱ्याला विचारलं, वर किती बँडविड्थ घेता? त्याने सांगितलं नाही. धंद्याचं गणित सरळ आहे. शंभर घरांना शंभर-शंभर एमबीपीएस विकले तर कागदावर दहा जीबीपीएस होतात. कुठलाच ऑपरेटर तेवढं विकत घेऊन ठेवत नाही, कारण सगळे एकाच वेळी नळ सोडत नाहीत. त्याशिवाय फायबरही वाटूनच घ्यायचा असतो. नेहमीच्या पद्धतीत सुमारे अडीच जीबीपीएसची एक धार स्प्लिटरमधून ३२ किंवा ६४ घरांत फुटते. वाटून घेण्यात काही गैर नाही, त्यामुळेच नेट परवडतं. पण किती जणांत वाटलंय हे गिऱ्हाइकाला सांगायला हवं, आणि कमी घरांत वाटणारा दुसरा कुणी असेल तर त्याच्याकडे जाता यायला हवं. माझं अडलं ते इथे. आमच्या इमारतीत दुसरा कुणी नाहीच. बिल्डरने बांधकामाच्या वेळी एकाशी करार केला, डक्टमध्ये, म्हणजे वायरी न्यायच्या नळीत, त्याचीच वायर आहे, आणि दुसरा आला की त्याला गच्चीची किल्ली मिळत नाही.

आता बाजाराकडे येऊ. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला आलं, विदेश संचार निगमकडून. फोनच्या लाइनवरून ९.६ केबीपीएस. विद्यार्थ्यांसाठी ५०० रुपयांचं खातं होतं, त्यात नुसती अक्षरं दिसायची, चित्रं नाहीत. दुसरा विकणारा नव्हता. १९९७ मध्ये ट्राय हे दूरसंचाराचं नियामक मंडळ आलं, १९९८ च्या अखेरीला खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवा द्यायची परवानगी मिळाली, आणि २००२ मध्ये परदेशी लाइनवरची विदेश संचार निगमची मक्तेदारीही संपली. माझा कॅफे उभा राहिला तो याच दारातून.

मोकळं केलं म्हणून सगळं आपोआप झालं असं मात्र नाही. त्या काळात एका कंपनीच्या गिऱ्हाइकाने शेजारच्याच गल्लीतल्या दुसऱ्या कंपनीच्या गिऱ्हाइकाला मेल पाठवला, तर तो बऱ्याचदा समुद्रापार जाऊन परत यायचा. दोघांच्या तारा देशात कुठे नीट जुळतच नव्हत्या, प्रत्येकाने परदेशातली लाइन घेतलेली. २००३ मध्ये निक्सी ही संस्था उभी राहिली, तिचं काम एवढंच की देशातला माल देशातच एकमेकांच्या हवाली करायचा. एक समाईक चौक बांधून दिला की झालं. आज मुंबईतला सर्व्हर आपल्याला जवळचा वाटतो त्यात अशा चौकांचा मोठा वाटा आहे. कुणी म्हणालं की सरकारने बाजूला व्हावं, बाकी बाजार बघून घेईल, तर मला हा चौक आठवतो.

दर ठरवायचं काम ट्रायने फार पूर्वीच सोडून दिलं. मोबाइलचे दर कंपन्याच ठरवतात. त्याचा फायदा आपण सगळ्यांनी घेतलाय. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं. त्याआधी एका जीबीला दोन-अडीचशे रुपये मोजायचो आणि महिनाभर पुरवायचो. नंतर तेवढा डेटा पोरं दुपारच्या चहापर्यंत संपवू लागली. पण त्या दरयुद्धात बरेच जण बुडाले किंवा विलीन झाले. खासगीत तीन उरले. जुलै २०२४ मध्ये त्या तिघांनी एक-दोन दिवसांच्या अंतराने दर वाढवले. दार सताड उघडं ठेवलं तरी आत दुकानं किती उरतात, हा वेगळाच प्रश्न असतो.

आता कांद्याकडे. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं, भाजीपाला, कांदा, बटाटा बाजार समितीच्या नियमनातून मोकळे केले. समितीच्या आवाराबाहेर कुठेही विका, आणि आडत, म्हणजे दलाली, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्या, असा तो निर्णय. तेव्हा व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले होते ते आपल्याला आठवत असेल. कागदावर शेतकरी मोकळा झाला. पण कांदा आजही मुख्यतः आवारातच जातो, कारण दहा खरेदीदार, वजनकाटा आणि बोली तिथे आहे. आणि त्याच्याही आधीची एक अडचण असते, जिच्याबद्दल शहरात कुणी बोलत नाही. ती म्हणजे पाणंद. शेतातून डांबरी रस्त्यापर्यंतची ती कच्ची वाट शेजाऱ्याने नांगरून टाकली किंवा अडवली, तर पुढे चार बाजार मोकळे असून काय करायचं? ट्रॅक्टर बांधावरच उभा राहतो.

इंटरनेटची पाणंद म्हणजे खांबापासून घरापर्यंतची शेवटची वायर. देशभरच्या तारा, समुद्रातल्या केबल, सर्व्हर, या सगळ्यांत भरपूर स्पर्धा आहे. शेवटच्या दोनशे मीटरमध्ये नाही. आणि आपली नियमनमुक्ती तिथेच अडकून बसली आहे. २००४ मध्ये ट्रायने शिफारस केली होती की सरकारी कंपन्यांच्या घरोघरी गेलेल्या तांब्याच्या तारा इतर कंपन्यांनाही भाड्याने वापरू द्याव्यात. त्याच वर्षीच्या ब्रॉडबँड धोरणात ती स्वीकारली गेली नाही. तेव्हा ती स्वीकारली असती तर आज शेवटच्या वायरचं चित्र वेगळं असतं, असं मला ठाम वाटतं. ब्रिटनने २००६ मध्ये बीटी या टेलिफोन कंपनीची शेवटच्या तारांची बाजू ओपनरीच नावाने वेगळी काढली. तिचं काम तारा, खांब आणि डक्ट सांभाळायचं आणि सगळ्यांना सारख्या अटींवर भाड्याने द्यायचं. गिऱ्हाईक कंपनी बदलतं, तार तीच राहते.

अमेरिकेत वाद वेगळ्या टोकावर पेटला. तार ज्याची त्याने आतल्या मालात भेदभाव करावा का, म्हणजे पैसे देणाऱ्याचा खेळ पुढे काढावा आणि बाकीच्यांना रांगेत ठेवावं का. तिथल्या दूरसंचार आयोगाने २०१५ मध्ये असा भेदभाव मना केला, २०१७ मध्ये ती मनाई उठवली, २०२४ मध्ये परत आणली, आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने ती रद्द केली. दहा वर्षांत चार कोलांट्या. आपल्याकडे मात्र लाखो लोकांनी ट्रायला ईमेल पाठवले आणि ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने मजकूर पाहून वेगळा दर लावायला बंदी घातली. ठरावीक साइट फुकट दाखवणारं फेसबुकचं फ्री बेसिक्स त्यात थांबलं. आपल्या मुलाचा खेळ आणि शेजाऱ्याचा सिनेमा एकाच दराने येतो, तो त्या निर्णयामुळे. दर मोकळे, पण वागणूक सारखी, ही विभागणी मला पटते.

खेळांच्या बाबतीत सरकारने उलट टोक गाठलं. १ ऑक्टोबर २०२३ पासून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांत भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून असे खेळ चालवणंच बंद केलं. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला, म्हणजे कौशल्याच्या स्पर्धा म्हणून खेळल्या जाणाऱ्या व्हिडिओ गेमना, मान्यता आणि प्रोत्साहन आहे, हे बऱ्याच पालकांना ठाऊक नाही. पोरगा बीजीएमआय खेळतोय आणि कुणी मोबाइलवर रमीत पैसे लावतोय, या दोन गोष्टी त्यांच्या लेखी एकच. अंबडच्या कारखान्यात शिफ्टला जाणाऱ्या माझ्या ओळखीच्या एकाने पगार झाल्याच्या रात्रीच सगळा पगार घालवला होता, त्याच्या बायकोचा फोन मी घेतलाय. म्हणून त्या बंदीबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तिच्या धाकाने मुलाचा साधा खेळ बंद करू नका.

माझं म्हणणं थोडक्यात असं, की दरांचं नियमन पुन्हा नको, पाणंदीचं हवं. आणि त्यासाठी नाशिकला आत्ता जी संधी आहे ती पुन्हा बारा वर्षांनीच येईल. सिंहस्थासाठी शहरभर रस्ते खोदले जाताहेत. जेसीबीच्या एका फटक्यात फायबर तुटतो आणि अख्ख्या कॉलनीत लाल दिवे लागतात. खोदण्याआधी खालच्या तारांची माहिती देणारं ॲप केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये आणलंय, ते ठेकेदारांनी वापरायला हवं. त्यापुढे जाऊन, रस्ता उघडा आहेच तर त्यात एक समाईक डक्ट टाकावा, ज्यातून कुठल्याही कंपनीला भाडं भरून तार नेता येईल. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात अशा समाईक डक्टची तरतूद आहे. रस्ता एकदा बुजला की परत तीच खोदाई आणि तोच चिखल.

सेवेचे मापदंडही बदललेत. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या ट्रायच्या नियमांत निरोपाला लागणारा वेळ, त्यातली चढउतार आणि वाटेत गळणारे निरोप मोजायची अट आहे. नवं कनेक्शन घेताना एमबीपीएसच्या जोडीने हे विचारा: रात्री दहाला मुंबईपर्यंतचा पिंग किती असतो, एका स्प्लिटरवर किती घरं आहेत, आणि दुरुस्तीला माणूस किती तासांत येतो. उत्तर द्यायला कचरणाऱ्याची पावती फाडण्याआधी शेजारच्या इमारतीत चौकशी करा.

आमच्या सोसायटीची वार्षिक सभा येत्या रविवारी आहे. विषयपत्रिकेवर पाण्याची टाकी, लिफ्टचं कंत्राट आणि सातव्या क्रमांकावर मी दिलेला विषय: डक्ट आणि गच्ची दुसऱ्या इंटरनेट कंपनीसाठी खुली करणे. करार वाचून घेतलाय. त्यात फक्त आमची वायर टाकू द्या एवढंच लिहिलंय, दुसऱ्याला येऊ देऊ नका असं कुठेही नाही. गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे आहे. पंचवीस सह्या झाल्यात, त्यातल्या नऊ अशा घरांतून आल्या जिथे अर्ज आधी मुलांनी वाचला आणि मग आईबापांपुढे ठेवला.